कळा पोटात नव्हत्याच

डिचोलीहून निघालो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. अस्नोडा येईपर्यंत दर पाच मिनिटांनी कळ. नवरा गाडी चालवतोय, मी मागे आईचा हात पिळतेय. कळा पोटात येतात असं मी धरून चालले होते. माझ्या आल्या त्या थेट माकडहाडाच्या वर. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती ना, म्हणून.

इस्पितळात तपासलं तर गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडलेलं. दहाला अजून सहा बाकी! एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन मागितलं, तर रात्री भूलतज्ज्ञ नाहीत. तो राग अजून आहे.

उताणं झोपलं की जीव जायचा. शेवटी आई म्हणाली, "ऊठ गो, खाटेला धरून वाक." आणि कळ आली की ती तळहाताची टाच माझ्या कंबरेवर रोवून दाबून धरायची. चोळणं नव्हे, दाबणं. कळ जात नव्हती, पण सोसवत होती. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत "हूऽऽऽ" करून लांब श्वास सोडायचे. "ओरडू नका" म्हणणाऱ्या बाईला काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

पहाटे मुलगी झाली. घरी आल्यावर मला मेथ्यांची पेज आणि आईच्या सुजलेल्या मनगटाला लेप.