हवालदिल

पावसानं दडी मारली की सोलापुरात दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा मथळा सांगायला ज्योतिषी लागत नाही. बळीराजा हवालदिल. सांगोल्याकडं डाळिंबावर तेल्या रोग पडला, बागायतदार हवालदिल. बाजार समितीत कांद्याचा भाव कोसळला, कांदा उत्पादक हवालदिल. मंत्री मात्र कधी हवालदिल होत नाहीत, ते ‘चिंता व्यक्त करतात’. आणि घरात तर हा शब्द कुणी तोंडातच घेत नाही. नळाला पाणी येईना म्हणून ‘मी हवालदिल झालोय’ असं एकदा म्हणून पाहिलं, तर बायको म्हणाली, ‘शेत कधी घेतलं?’

दिसायला हा शब्द हवालदाराचा चुलतभाऊ, पण दोघांचं नातं काही नाही. हवालदार आला अरबी ‘हवाला’वरून, म्हणजे ताबा, सोपवणूक. आपल्या शब्दातला हवाल मुळात ‘हौल’. अरबीत हौल म्हणजे धडकी, दहशत. त्याला फारसी ‘दिल’ जोडलं की झालं हौलदिल, काळजात धडकी भरणं. अरबीत या दोघांचे ‘ह’सुद्धा वेगवेगळे. मराठीकडं ‘ह’ एकच, त्यामुळं दोघं एका तोंडवळ्याचे झाले.

मराठी माणसाची घरगुती काळजी तरी कुठून आली? काळजातूनच. आता हे काळीज म्हणजे नक्की काय, ते कवीला विचारू नये, मटणवाल्याला विचारावं. तो न चुकता यकृत देतो. संस्कृतातही ‘कालेय’ म्हणजे यकृतच. म्हणजे काळजी यकृतात आणि हौल हृदयात, अशी या दोन दुखण्यांची वाटणी आहे.

दुखणं हा शब्द मी उगाच नाही वापरला. उर्दूत छातीतल्या धडधडीलाच हौलदिल म्हणतात. त्यावर उतारा म्हणून जेड नावाच्या हिरवट दगडाचा ताईत गळ्यात घालत, त्याचं नाव हौलदिली. शाहजहानचा असा एक ताईत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मयूरासनावर बसणाऱ्यालाही धडधड चुकली नव्हती तर! ही गोष्ट मला भलतीच आवडते. आपल्याकडं बिचाऱ्या शेतकऱ्याला हवालदिल होण्याचा मान मिळाला, ताईत काही मिळाला नाही.

सोलापुरात घाबरायची सोय बऱ्याच भाषांत आहे. कन्नडमध्ये गाबरी, तेलुगूत गाबरा, मराठीत घाबरणं. गल्ली ओलांडली की शब्द थोडा कपडे बदलतो, एवढंच. हौल मात्र बेगम पेठेकडं अजून मूळ वेशात भेटतो, आणि तिथं तो कुठल्या मथळ्यात राहत नाही, माणसांच्या बोलण्यात असतो. आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत. पोरगा पुण्याहून ‘हुतात्मा’ एक्स्प्रेसनं निघालेला, फोन लागेना, तेव्हा त्या आईजवळ येऊन बसल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘दिल में हौल उठरा, भाभी.’

आईचं उर्दू बेताचंच. पण यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, ‘अगं, कुर्डुवाडीच्या अलीकडं रेंज जाते. तू आधी जेवून घे.’