टिंग आणि टाँग

आमच्या अमळनेरच्या घरातली बेल उंदरांनी संपवली. वायर लाकडी पट्टीवरून माळ्यातून जायची, तिथेच कुरतडली गेली. वायरमनने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "पट्टी उखडली तर भिंतीचे पोपडे येतील दादा. वायरलेस लावून टाका." दोन वीत जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांना छिन्नी लावायची माझीही छाती नव्हती.

तशी आमच्या गल्लीत बेल शोभेचीच. ओट्यावर चप्पल वाजली की पाठोपाठ "काकू, घरमां शेतस का?" येतंच, आणि उत्तर मिळायच्या आत माणूस ओसरीत. बेल दाबणार तो कुरिअरवाला, नाहीतर वर्गणीवाले.

जुनी बेल मी खोलून पाहिली होती. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यात सरकणारी लोखंडी दांडी, दोन टोकांना दोन पट्ट्या. बटण दाबलं की वेटोळ्याचं चुंबक होतं, दांडी एका पट्टीवर आदळते : टिंग. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे लोटते : टाँग. दुसरा सूर बोट काढल्याशिवाय निघायचाच नाही, त्यामुळे दार उघडण्याआधीच माणूस कळायचा. वर्गणीवाल्यांचं टिंगटाँग एका दमात. वडिलांचे एक मित्र मात्र बटण दाबून धरायचे आणि समोरच्या ओट्यावर कोणाशी तरी पाऊसपाण्याचं बोलत राहायचे. आत बेल गुरगुरतेय, आम्ही टाँगची वाट बघतोय.

नव्या बेलला बोटाशी देणंघेणं नाही. बटणात करंगळीच्या पेराएवढा १२ व्होल्टचा सेल. दाबलं की रेडिओलहर सुटते, सॉकेटमध्ये खोचलेला डबा ती ओळखतो आणि अख्खी धून वाजवूनच गप्प होतो. धुनी भरपूर. आमच्या पोराने निवडली बिग बेनची. १७९३ साली केंब्रिजच्या चर्चमधल्या घड्याळासाठी बांधलेली ही चाल लंडनमार्गे आमच्या ओसरीत आली. पहिल्यांदा वाजली तेव्हा आईने आतून विचारलं, "कोनं लगीन शे?"

मातीची भिंत बरीचशी लहर गिळते, म्हणून डबा स्वयंपाकघरात चालेना, ओसरीतच ठेवावा लागला. लाईट गेली की तोही मुका. मग कडी आहेच.

परवा ते काका आले. धून वाजून संपली, मी दार उघडलं, तरी त्यांचं बोट बटणावरच.

"बिघडी गई का रे तुन्ही बेल?"