पाचवी चिमणी

माझ्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ माझ्या हाती दिले गेले आणि भाषणात नाव घेतले गेले ते आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या बाईंचे. कोणीतरी चूक सुधारील म्हणून मी क्षणभर वाट पाहिली, मग इतरांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. 26 वर्षे मी त्या शाळेचे ग्रंथालय सांभाळले होते. पुढचे चार महिने तिथून एकही फोन आला नाही, आणि फोंड्याचा तो पावसाळा मी खिडकीशी बसून, आपण नक्की होतो तरी का, असा विचार करीत काढला.

नजरेआड राहण्याची सवय मला तशी जुनीच आहे. आमचे घराणे अहमदनगरकडचे, ख्रिस्ती आणि मराठी. गोव्यात आल्यावर मराठी शेजारणी मला गणपतीच्या आरतीचे आमंत्रण देत आणि गळ्यातला क्रूस दिसला की ओशाळत. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, कोकणीत, प्रार्थनांची पुस्तके रोमी लिपीत, आणि मी बोट ठेवून अक्षरे लावीत सगळ्यांच्या मागे. ‘ख्रिस्ती असून मराठी कशी?’ या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण याच गोव्यात, राशोलला, 1616 साली छापले गेले आणि ते मराठी ओव्यांत आहे. त्या पहिल्या छपाईची प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही; ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः हाताने नकला करून ठेवणाऱ्यांमुळे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. ग्रंथपाल असल्याने मला त्या नकलाकारांविषयी जरा जास्तच माया वाटते.

त्या पावसाळ्यात मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला सोळावा अध्याय पुन्हा वाचला. हागारेची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती, पण एक गोष्ट तेव्हाच प्रथम लक्षात आली. त्या अध्यायात तिची मालकीण साराय आणि सारायचा नवरा अब्राम तिच्याविषयी बोलतात, तिचे काय करायचे ते ठरवतात, पण दोघांच्याही तोंडी तिचे नाव एकदाही येत नाही. ती नुसती ‘दासी’ असते. गरोदरपणी जाच सहन न होऊन ती रानात पळून जाते, तेव्हा शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला प्रथमच नावाने हाक मारतो आणि विचारतो, कोठून आलीस आणि कोठे चाललीस? ती पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे तिच्यापाशी नसते, माझ्यापाशीही नव्हते. मग तीच देवाला नाव देते : मला पाहणारा देव.

दूत तिला परत त्याच मालकिणीकडे जायला सांगतो, हे मला आजही पचत नाही, आणि ते पचले असे दाखवण्यात काही अर्थ नाही. परिस्थिती बदलली म्हणून तिला दिलासा मिळाला नाही. तिला कोणी ओळखले, एवढ्यावरच ती उठली. मला मिळालेला दिलासाही याच जातीचा आहे. शाळेला चूक कधीच कळली नाही. पण ‘हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?’ ही तक्रार बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राच्या आरंभीच आहे, म्हणजे रुसूनही प्रार्थना करता येते, हे समजल्यावर मी महिनाभर रुसूनच प्रार्थना केली.

चिमण्यांचा हिशेब मला बाजारात उलगडला. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला मिळतात, आणि लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. मग पाचवीचे काय? मासळीवाली तारल्यांचा वाटा पिशवीत ओतते आणि गिऱ्हाईक रेंगाळले की एखादे तारले वर टाकते. ते कोणी मोजत नाही. पाचवी चिमणी तशी वर टाकलेली, तिला किंमतच नाही. येशू म्हणतो की त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, तेव्हा त्यात ही पाचवीसुद्धा येते.

आमच्या गल्लीच्या वळणावर चिऱ्यांच्या चौथऱ्यावर चुना लावलेला एक खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. भर पावसात तिथे रोज एक मेणबत्ती जळत असे, वारा लागू नये म्हणून तळ कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीने झाकलेली. ती कोण लावते, हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी बाटली कलंडलेली आणि मेणबत्ती विझलेली दिसली. घरातून काडेपेटी आणि नवी मेणबत्ती आणली, तिसऱ्या काडीला ज्योत धरली, बाटली नीट बसवली आणि निघाले. कोणी पाहिले का, म्हणून वळणावर एकदा मागे वळून बघितलेच.