नोंदवही: पूर्वेला रंग बदलत लुकलुकणारा तारा नेमका कोणता?

हिवाळ्यात ‘पूर्वेला लाल-हिरवं-निळं काहीतरी चमकतंय, ड्रोन आहे का?’ असं कुणी विचारलं की आपण डोळे झाकून व्याध (सिरियस, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा) म्हणतो. बहुतेकदा बरोबरही येतं, पण ती ओळख नव्हे, अंदाज झाला. म्हणून यंदाच्या नोंदींत रंग आणि चमक शेवटच्या रकान्यात टाकलीय. आधी दिशा, उंची आणि वेळ.

नाशिकचा अक्षांश २० अंश. इथून व्याध १५ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास उगवतो, १ जानेवारीला सातला. रोज चार मिनिटं आधी. जागा मात्र नेमकी पूर्व नाही, तिथून १८ अंश दक्षिणेकडे. पडताळा मृग नक्षत्राच्या बाणावरून: बाणाचे तीन तारे जोडून रेघ खाली वाढवा, हात लांब करून पसरलेल्या एका वितीवर व्याध. तीच रेघ उलट वाढवली तर तेवढ्याच अंतरावर रोहिणी. दोन्ही जुळले तरच नोंद करा.

मोबाईलच्या कंपासवर भिस्त नको. गच्चीचा लोखंडी कठडा किंवा शेजारची गाडी त्याला सहज भरकटवते. ध्रुव शोधून घ्या. तो इथे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर असतो.

आता रंगांचं. ते ताऱ्याचे नव्हेत, हवेचे. १० अंश उंचीवर व्याधाचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या साडेपाचपट हवेतून येतो. क्षितिजालगत लाल आणि निळा किरण किंचित वेगळ्या वाटेनं येतात, त्यामुळे हवेच्या हेलकाव्यात प्रत्येक रंग आपापल्या वेळी मंद-तेज होतो. याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे थेट दक्षिणेला सर्वांत उंच, ५३ अंशांवर असताना हवा जेमतेम सव्वापट उरते आणि तोच तारा निळसर पांढरा, बराच स्थिर दिसतो.

हे फोटोत पकडता येतं. ५० मिमी लेन्स, आयएसओ ८००, एक सेकंद. शटर उघडं असताना कॅमेरा हातानं गोल फिरवायचा. व्याधाची रेघ रंगीत मण्यांच्या माळेसारखी तुटक येते. गुरूची सलग, एकरंगी. फोकस अचूक ठेवला तर सगळे मणी जळून पांढरे होतात, तेव्हा तो मुद्दाम थोडा बिघडवा. हात हळू फिरला तर मणी एकमेकांवर चढतात.

गुरूला व्याध समजण्याची गल्लत यंदा फार झाली असणार. १० जानेवारी २०२६ ला तो प्रतियुतीत (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) होता, तोही मिथुनेत, पुनर्वसूजवळ, आणि व्याधाहून तेजस्वी. ‘ग्रह लुकलुकत नाही’ हा नियम क्षितिजालगत टिकत नाही, एवढं लक्षात असू द्या. ड्रोनची शंका पाच मिनिटांत फिटते: गच्चीच्या खांबाला तारा टेकवून उभे राहा, तेवढ्यात तो लांब केलेल्या हाताच्या करंगळीच्या रुंदीहून थोडा जास्त सरकतो, न थबकता.

खरा घोळ अगस्त्य ताऱ्याचा. तेजात दुसरा, पण नाशिकहून १७ अंशांच्या वर कधीच चढत नाही, म्हणजे रात्रभर थरथरतच असतो. फेब्रुवारीच्या मध्यात सव्वानऊला थेट दक्षिणेला बघा, व्याधाच्या जवळजवळ सरळ खाली. शहरातून त्या बाजूला नाशिकरोड-देवळालीचा उजेड आड येतो. पांडवलेणीच्या पायऱ्यांपाशी थांबू नका. लेणी उत्तराभिमुख आहेत, दक्षिण टेकडीनं झाकलेली असते.

तक्त्यात आता ईशान्येचा ब्रह्महृदय तारा भरायचा राहिलाय. १५ ऑक्टोबरला तो रात्री पावणेनऊच्या सुमारास उगवतो, पण व्याध तासाला तेरा अंश चढतो तिथे हा नऊच. त्यामुळे दहापर्यंत तो खालच्या जाड हवेतच रेंगाळतो, आणि ड्रोनची विचारणा तेव्हापासूनच सुरू होते.