अठराव्या तासाचा मेंदू

फळमाशीची अळी स्थिर होऊन कोष धरते तेव्हा तो तासभरच पांढरा राहतो आणि मग तपकिरी पडतो, म्हणून त्या पांढऱ्या क्षणालाच आम्ही शून्य तास मानतो. असे कोष मी आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ओल्या ब्रशने वेचून २५ अंश सेल्सिअसला ठेवले होते आणि सकाळी दहाला, म्हणजे अठराव्या तासाला, त्यांचे मेंदू काढायला बसले.

गंधाची स्मृती सांभाळणाऱ्या मश्रूम बॉडी या मेंदूच्या भागातील गॅमा चेतापेशींच्या अक्षतंतूला, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याला, अळीत दोन फांद्या असतात, एक वर जाणारी आणि एक मध्याकडे वळणारी. अळीपण संपताना एक्डायसोन या संप्रेरकाची लाट येते, आणि अठराव्या तासापर्यंत या दोन्ही फांद्या तुटून जातात. पेशी मात्र जिवंत राहते, तुकडे चेतापेशींना साथ देणाऱ्या ग्लिया पेशी गिळतात, आणि पुढे प्रौढ माशीसाठी मध्याकडची एकच फांदी नव्याने वाढते.

एक्डायसोनचा संदेश पकडणारा पेशीतला रिसेप्टर एकटा काम करत नाही, त्याला अल्ट्रास्पायरॅकल नावाच्या प्रथिनाची जोड लागते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांना ३७ अंशांची ऊब देऊन मोजक्या पेशींत आम्ही या प्रथिनाचे जनुक निकामी केले होते, आणि हिरव्या चमकत होत्या त्या फक्त याच पेशी. तशाच पेशी हिरव्या केलेले, पण जनुक शाबूत असलेले तुलनेचे मेंदू मी आधी पाहिले: देठापुढे हिरवे कण तेवढे विखुरलेले, फांद्या कुठेच नाहीत. मग पुढची स्लाइड लावली आणि हात थांबला, कारण उजव्या बाजूला दोन्ही फांद्या अळीत असतात तशाच, अखंड उभ्या होत्या.

पहिली शंका अशी आली की हा कोषच मागे पडला असेल. पण त्याचे कवच सोलतानाच मी पाहिले होते की डोके बाहेर आले आहे, पंख आणि पाय लांबले आहेत. ही सारी एक्डायसोनचीच कामे. म्हणजे संप्रेरक शरीरभर पोहोचले होते, याच चेतापेशींच्या भोवतीही होते, पण ते ऐकण्याचे साधनच त्यांच्याकडे उरले नव्हते. याविषयी मी अनेकदा वाचले होते, तरी एका डोक्यात दोन वयांच्या पेशी शेजारी-शेजारी पाहताना मी फार वेळ भिंगावरून उठू शकले नाही.

त्याच गटातले थोडे कोष मी राखून ठेवले होते. चार दिवसांनी त्यांतून माश्या बाहेर आल्या, पंख सुकवून उडू लागल्या. त्यांतल्या एकीच्या मेंदूत अळीची वरची फांदी अजून तशीच होती.