आमची वाटचाल : चामड्याच्या वॉशरवर चाललेलं दुकान

दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीला टांगलेल्या गॅसबत्त्यांकडे बघतो आणि विचारतो, "ही केवढ्याला?" बत्त्या विकायला नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो. मग विकता तरी काय? काउंटरवर एक पितळी डबा आहे. त्यात रुपयाच्या नाण्याहून जरा लहान असे, बत्तीच्या पंपात बसणारे, वाटीच्या आकाराचे चामड्याचे वॉशर आहेत. आमच्या धंद्याचं मूळ तेच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं लेथचं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनाचे सुटे भाग, जॉबवर्क, तीन मशिनं आणि दोन कामगार. मी २००४ मध्ये त्यांच्या हाताखाली आलो तेव्हाच शेतकरी इंजिन सोडून विजेच्या मोटारीकडे वळला होता. पुढच्या सात-आठ वर्षांत दुपारी लेथ बंद ठेवून चहा पिण्याची पाळी आली. मला छंद लागला तो या रिकाम्या दुपारींमुळे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आजोळी मामांच्या गोठ्याच्या माळ्यावर एक पेट्रोमॅक्स पडून होती. काजळी, कोळ्याची जाळी आणि खाली टाकीवर बारीक अक्षरांत जर्मन कंपनीचं नाव. मॅक्स ग्रेट्झ या बर्लिनच्या कारखानदाराने १९१० च्या सुमारास ही बत्ती आणली. 'पेट्रोलियम'मधला पेट्रो आणि त्याच्या नावातला मॅक्स, असं ते नाव. आमच्याकडे मात्र म्हातारी माणसं तिला नुसतं 'गॅस' म्हणतात. "लग्नात आठ गॅस होते" असं आजी सांगायची, तेव्हा लहानपणी मला सिलिंडर डोळ्यांपुढे यायचे.

बत्ती घरी आणली, पंप मारला तर हवा धरेना. दांडा काढून बघितला. वॉशर वाळून लाकूड झालेला, बोटाने दाबला तर भुगा. बाजारात मिळाला तो रबराचा, तो दोन दिवसांत रॉकेलने फुगून नळीत अडकला. शेवटी चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडून कमावलेल्या चामड्याचे तुकडे मागून आणले. लेथवर छोटा साचा केला, चामडं भिजवून त्यात दाबलं, वाळवलं, कापलं आणि रात्रभर एरंडेलात ठेवलं. सकाळी वाटीची कड अंगठ्याने जरा पसरून पंपात घातला. पाचव्या दणक्याला हाताला जोर जाणवला. तो पहिला वॉशर.

मग मोठी चूक केली. टाकी न तपासता रॉकेल भरलं, मेंटल (ज्योतीवरची कापडी जाळी) बांधला, स्पिरिट पेटवलं. बत्ती लागली, खोली पांढरी झाली, आणि मिनिटभरात टाकीच्या खालच्या सांध्यावर निळी ज्योत फिरायला लागली. मामा समोरच बसले होते. त्यांनी ओलं गोणपाट टाकलं म्हणून निभावलं. नंतर टाकीत नुसती हवा भरून पाण्याच्या बादलीत धरली, पंक्चरवाला ट्यूब धरतो तशी. सांध्याच्या कडेने बुडबुड्यांची माळ. केसाएवढी चीर, अर्ध्या घेरापर्यंत.

ही चीर कशाने पडली हे कळायला मला दोन वर्षं लागली. पितळेला आकार देताना आत ताण राहून जातो. अशा पितळेला अमोनियाची वाफ आणि दमट हवा लागली की ते आपोआप तडकतं. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची, कारण ती घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असायची. अमोनियाचं हे कोडं १९२१ मध्ये सुटलं. ते वाचलं आणि मामांचा गोठा आठवला. तीसेक वर्षं खाली गोमूत्र आणि वर पितळेची टाकी! तेव्हापासून गावाकडून बत्ती आली की माझा पहिला प्रश्न : कुठे ठेवली होती? 'गोठ्यात' म्हणाले की आधी बादली. पितळ चकचकीत करायच्या काही द्रवांतही अमोनिया असतो, ते आम्ही दुकानात शिरू देत नाही.

धंदा म्हणावं असं काही झालं ते २०१४ मध्ये. एका निवृत्त मांडववाल्याने गोदाम रिकामं करताना अकरा बत्त्या पितळेच्या भावाने, किलोवर दिल्या. एकेकाळी लग्नाच्या वरातीत या बत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालायची. आणताना खूश होतो. खोलल्यावर कळलं की अकरांपैकी तीन जर्मन, बाकी देशी नकला, आणि एकीचे आटे दुसरीला बसत नाहीत. बाकीच्यांसाठी हे संकट असेल; रिकामा लेथ असलेल्याला ही देवाची कृपाच. निपल, पंपाची टोपी, टाकीचं झाकण, सगळं मोजून पितळेत करायला घेतलं.

त्यात एक भाग सगळ्यांना रडवतो. पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, हवा आत जाऊ देणारा आणि रॉकेल मागे येऊ न देणारा. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर उचलला जात असेल तर समजा तोच गेला. तो नळीच्या खोल तळाशी, वर्षानुवर्षं घट्ट बसलेला. पहिल्या अकरांत मी दोन व्हॉल्व्ह मोडले. एकात अर्धा आत राहिला आणि टाकी भंगारात गेली. आता आम्ही लांब पाना बनवून विकतो, सोबत सांगतो : नळीत जिरतं तेल टाकून आठ दिवस विसरा, मग बाहेरून गरम पाण्याने शेका, आणि तरीही सुटला नाही तर जोर करू नका. आठ दिवस कुणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुरुवातीला आम्ही पूर्ण दुरुस्ती करून द्यायचो. ते परवडलं नाही. एका बत्तीत माझे तीन दिवस जायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढ्यात तर नवा एलईडी येतो." खरंच येतो. हिशेब बायको बघते. तिने एका संध्याकाळी वही समोर टाकली : वर्षभरात दुरुस्तीत तोटा, वॉशरमध्ये नफा. वॉशर घेणारे सगळे घरी स्वतः बत्ती खोलून बसलेले छांदिष्ट होते. "त्यांना ते करायचंय, तुम्ही का करून देताय?" तिच्या त्या प्रश्नाने धंद्याची दिशा बदलली. आता वॉशरच्या पाकिटात ती एक मराठी चिठ्ठी घालते, तेलात किती वेळ ठेवायचा आणि कड कशी पसरायची याची. वॉशर चाळीस रुपयांचा, पण लोक त्या चिठ्ठीचं कौतुक जास्त करतात.

गिऱ्हाईक कोण? निवृत्त शिक्षक, एसटीतले मेकॅनिक, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारून हमखास काहीतरी उचलून आणणारे. मे महिना सरत आला की कोकणातून फोन सुरू होतात, पहिल्या पावसात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला बत्ती हवी म्हणून. बॅटरीचा झोत एकाच ठिकाणी पडतो, बत्ती सगळा वहाळ उजळते, असं त्यांचं म्हणणं. काहीजण 'प्रभात'ची काच मागतात. ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभात म्हणजे वातीचा कंदील. त्यात पंप नाही, मेंटल नाही. दोन्ही वस्तू आजोबांच्या, म्हणून लोकांच्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेल्या.

मेंटलबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण उजेड त्याचा आहे. रॉकेलची ज्योत स्वतः निळी आणि मंद. मेंटलच्या कापडाला क्षार लावलेले असतात. कापड जळून जातं आणि ऑक्साइडची राखेसारखी जाळी उरते, ती तापून पांढरी होते. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम हे प्रमाण बसवलं. पुढे १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असलेलं मोनाझाइट हे खनिज सापडलं आणि ती वाळू मेंटलसाठी परदेशी जाऊ लागली. म्हणजे बर्लिनची बत्ती आमच्याकडे यायच्या आधी आमची वाळू तिकडे गेली असणार! थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. घाबरायचं कारण नाही, पण मेंटल पहिल्यांदा जाळताना बाहेर जाळा आणि फुटलेल्या मेंटलची राख फुंकर मारून उडवू नका. आम्ही ओल्या फडक्याने टिपतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. आमच्या भागात पाणी आलं नाही, वीज मात्र गेली. नदीकाठच्या गावांतली माणसं एका शाळेत आणून ठेवली होती. आमचे कामगार, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांचं घरही पाण्यात होतं. रात्री त्यांनीच फोन केला, "भिंतीवरच्या चार उतरवून आणा." रॉकेल कमी, म्हणून एकेक आळीपाळीने लावली. एका टाकीत लिटरभर बसतं आणि ते सात-आठ तास चालतं. एका म्हातारीने बत्तीचा सूऽऽ आवाज ऐकला आणि म्हणाली, "गॅस आला व्हय? आता झोप लागंल." पंप मारायला पोरांची रांग लागली होती. त्यातला एक मुलगा आता रविवारी दुकानात येतो.

पुढच्या वर्षी टाळेबंदीत लेथ बंद होता, पण टपाल सुरू झाल्यावर वॉशरची मागणी तिप्पट झाली. घरी बसून लोकांनी माळे साफ केले होते.

काही कामांना आम्ही नाही म्हणतो आणि त्यात गिऱ्हाईक तुटतं. बत्तीत वायर घालून दिवा बसवून द्या, नाही. चिरलेल्या टाकीला शिशाचा डाग मारून द्या, मुळीच नाही. तो डाग १८३ अंशांच्या आसपास वितळतो आणि आत दाबाखालचं रॉकेल असतं. निकेलचा मुलामा बफिंगने उडवून 'अँटिक' पितळ करून द्या, हेही नाही. मुलामा गेला की परत येत नाही, आणि लिंबूसत्वात जास्त वेळ ठेवलेलं पितळ गुलाबी पडतं, तसली बत्ती बघून मला अजून वाईट वाटतं.

आण्णा गेल्या वर्षीपर्यंत रोज यायचे. आता गुडघ्यांमुळे आठवड्यातून एकदा. मामांची ती चिरलेली पेट्रोमॅक्स काउंटरच्या वर टांगली आहे, टाकीवर लाल रंगाने 'रिकामी' लिहून. तिच्यातला वॉशर मात्र तोच पहिला, दर दिवाळीला आण्णा काढून तेलात टाकतात. साचाही तोच होता. आता त्याची कड झिजली आहे, वॉशर एका बाजूला जाड येतात. परवा नव्या साच्यासाठी सळई आणली. सोमवारी लेथवर चढवायची आहे.