अफरवटच्या बर्फात खणलेला खड्डा

गुलमर्गला आपली मंडळी गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, कोंगदूरीपर्यंत जातात, बर्फात लोळतात, मॅगी खातात आणि परततात. मजा असते त्यातही. आम्ही दुसऱ्या टप्प्याने अफरवटला, सुमारे ३,९८० मीटरवर गेलो होतो, स्की घेऊन. पश्चिमी चक्रावात नुकताच बरसून गेला होता आणि वर लख्ख ऊन. सह्याद्रीत हवा उघडली की निघायचं, इथे आमचा काश्मिरी गाईड म्हणाला, "यही दिन खराब होता है, भाईसाहब."

कारण ताजा बर्फ अजून खालच्या थराला धरलेला नसतो. शिवाय पश्चिमेचा वारा धारेवरून बर्फ उडवून पलीकडच्या उतारावर साठवतो. तिथे तो घट्ट पाटासारखा बसतो, आणि सुटला तर अख्खा पाटच सुटतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. स्कीला नेमका तोच उतार आवडतो, ही खरी पंचाईत. समोरच्या सुरेख घळीवर गाईडने उतार मोजायला मोबाइल धरला: ३७ अंश.

मग त्याच दिशेला तोंड असलेल्या छोट्या, निर्धोक उतारावर त्याने फावड्याने खड्डा खणला. हा भाग मी तासभरही बघत बसलो असतो. वरचा भुसभुशीत थर, खाली वाऱ्याने दाबलेला, त्याखाली जुना कडक. अगदी तळाशी बोट घातलं तर जाड्या साखरेसारखे दाणे घरंगळले. डिसेंबरात बर्फ पातळ असतो, रात्री कडाक्याच्या. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग कितीतरी थंड. त्या फरकामुळे वाफ वर सरकते आणि तळाच्या कणांचे हे सुटे दाणे होतात. पुढे वर कितीही बर्फ पडो, पाया असा.

त्याने ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि टपल्या मारू लागला: दहा मनगटातून, मग कोपरातून. चौदाव्या टपलीला खांब तळाच्या दाण्यांवरून सरळ सटकला, कापल्यासारखा. या चाचणीत चौदा हा आकडा मध्यम, पण असं स्वच्छ तुटणं त्याला आवडलं नाही.

गोंडोलाच्या हद्दीत स्की पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, उतार तपासून मगच उघडतं. हद्दीबाहेर आपली जबाबदारी. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळ्यांकडे होतं, पण ते गाडलं गेल्यानंतरचं सामान. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. फेब्रुवारी २०१० मध्ये इथल्याच खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. बर्फातच शिकणारी माणसं होती ती.

एवढ्यात चौघं परदेशी त्याच घळीत उतरले, ओरडत, मजेत. काही झालं नाही. मी गाईडकडे पाहिलं. "वो परत वहीं पड़ी है," म्हणजे तो थर तिथेच आहे, एवढंच बोलून त्याने खड्डा बुजवला आणि डावीकडच्या, पंचवीस अंशांच्याही आतल्या उतारावर आम्हाला एकेक करून सोडलं.